मोहाडीत थापलेली भाकरी

बँकेत लागले तेव्हा पहिलंच पोस्टिंग मिळालं मोहाडीला. गोंदिया तिथल्या जिल्ह्यातून फुटून वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी आमचे हेड कॅशियर बोलताना दोन्ही जिल्हे एकच धरायचे. मी सांगोल्याची, ज्वारीच्या मुलखातली. खानावळीत दोन्ही वेळा भात. चार महिन्यांत मला भाकरीची स्वप्नं पडायला लागली.

हेड कॅशियर म्हणाले, "मॅडम, इथं राहाचं हाय तं भाताची सवय करा. भाकर कायले पाहिजे तुमाले?"

"भात खाईन की. पण भाकरी सोडणार नाही," मी म्हणाले. सगळे हसले.

त्यांच्यातलाच शिपाई मात्र हळूच म्हणाला, "आपल्या इकडच्या शहापूरले रोडवर एक बाई भाकरी थापते. तुमच्याच तिकडची हाय मने."

रविवारी दोन बस बदलून गेले. हायवेलगत पत्र्याची शेड. आत शिरण्याआधीच थापण्याचा आवाज ऐकला. बाई पन्नाशीची, मंगळवेढ्याची. नवरा रस्त्याच्या कामावर आला, तो इथलाच झाला. ज्वारी अजून भाऊ ट्रकवाल्यांबरोबर पाठवायचा. पिठलं, शेंगाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

शेजारच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, मऊ पोळी नाही का?"

"भाकरी हाय. खायची तर खा, न्हाईतर म्होरं भात मिळतुया," ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली.

मग माझ्याकडं वळली. "तुला थापाय येती का गं?"

नव्हती येत. घरी आई करायची, मी अभ्यास करायची.

"मग कुणावर रुसून बसलीस? ये हितं."

पुढचे कितीतरी रविवार मी तिच्या पीठ मळायच्या काटवटीपुढं काढले. बोटं भाजली. भाकरी उचलताना तुटायची, बाई ती मोडून परत मळायला लावायची. जमली तेव्हा तिनं शाबासकी दिली नाही, अर्धं पोतं ज्वारी दिली.

मोहाडीतल्या खोलीत मी स्टोव्ह मांडला. तिसऱ्याच दिवशी घरमालकीण दारात. "मॅडम, रोज सकाळी काय ठोकून राहिल्या तुमी?"

"भाकरी. उद्यापण ठोकणार आहे."

 मी खोलीही सोडली नाही, थापणंही नाही.

एक दिवस डब्यातली भाकरी हेड कॅशियरच्या पुढं ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, बराच वेळ चावला.

"लय कडक हाय, मॅडम."

"आहेच. चावून खा."

अर्धी त्यांनी तशीच ठेवली. मी ती ओढून घेतली आणि त्यांच्यादेखत चटणीशी संपवली.