कडी चालू, कडी बंद

माणसाचं उभं आयुष्य बोटभर लोखंडात मावतं, असं कुणी म्हटलं तर पटायचं नाही. पण खिट्टीकाकांचं मावलं होतं.

गाडीचं मागचं दार उघडलं की दाराच्या जाड कडेला, कुलपाच्या खाली, एक इवलीशी खिट्टी दिसते. किल्लीच्या टोकानं ती सरकवली की आत बसलेल्या लेकरानं कडी कितीही ओढली तरी दार उघडत नाही. बाहेरून मात्र उघडतं. दिवसभर माणसं त्या दारातून चढतात, उतरतात, पण खिट्टीकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती आखणारा माणूसही तसाच होता. सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच खिडकीशी, एकाच टेबलावर. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलेलं.

बाप रस्त्याकडेला बसून किल्ल्या घासायचा. पोरगा त्याच्या शेजारी बसून कुलपांची पोटं उघडायचा. पुढे तो आखणी शिकला, कारखान्यात लागला, आणि साहेबांनी त्याच्यापुढे लेकरांचं कुलूप टाकलं. ते त्यानं खाली ठेवलंच नाही.

कामाची रीत त्यांची स्वतःची होती. फळ्यांच्या सांगाड्यात गाडीचं दार टांगायचं, मागे बाक टाकायचा आणि शेजारपाजारची पोरं आणून त्यावर बसवायची. "लावा जोर," म्हणायचे. पोरं कडी ओढायची, चावायची, दोन्ही पायांनी लाथा घालायची. एकीनं तर कडीच्या कानात गुपित सांगून बघितलं. दार ढिम्म हलायचं नाही आणि काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. घरी बायको टोमणा मारायची, "जगातली पोरं कोंडायचा धंदा तुमचा." ते म्हणायचे, कोंडत नाही गं, धरून ठेवतो.

त्या खोलीची भाषाही वेगळी झाली होती. तिथं सगळे कडीचं बोलत. 'कडी चालू' म्हणजे ओढली की दार उघडतं. 'कडी बंद' म्हणजे बसा ओढत. नव्या गाडीच्या वेळी खिट्टीशेजारी नखाएवढी चिठ्ठी चिकटवायची ठरली, तेव्हा काकांनी दोनच शब्द लिहून दिले. वर 'चालू', खाली 'बंद'. चौघांनी तपासलं, चौघांनी माना डोलावल्या. चौघंही त्याच खोलीतले.

सहा वर्षं गेली. मग एका दुपारी साहेबांनी काकांना बोलावलं. वळणावर चालत्या गाडीचं मागचं दार उघडलं होतं. चार वर्षांची मुलगी पट्टा सोडून कडीशी खेळत होती. ती बाहेर पडली आणि गेली. गाडी तिची आईच चालवत होती.

त्या गाडीचं कुलूप टेबलावर आणून ठेवलं होतं. त्यांनी ते पन्नास वेळा चालवून पाहिलं. कुठं झीज नाही, कुठं अडकणं नाही. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरल्याची लगेच लाजही वाटली. खिट्टी 'चालू'वर, म्हणजे कडी मोकळी, अशी सापडली होती. आईनं लावलंच नव्हतं, साहेब म्हणाले, आणि तिचा जबाब काकांपुढे सरकवला.

जबाबात लिहिलं होतं, 'गाडी घेतली त्याच दिवशी मी लेकरांचं कुलूप स्वतःच्या हातानं चालू केलं होतं. ते वर्षभर चालूच होतं.'

काकांनी ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना बोट 'चालू' या शब्दावर थांबलं. पंखा चालू, दिवा चालू, तसं कुलूप चालू. जग असंच बोलतं. कडीची भाषा त्या एका खोलीबाहेर कुणाच्या तोंडी नव्हती. बाईनं बरोबर वाचलं होतं. लिहिणाऱ्यानंच उलटं लिहिलं होतं.

त्यांनी अडखळत साहेबांना ते सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की शब्द चुकला म्हटलं तर रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतील, कारखाना बसेल. पुस्तिकेत सत्ताविसाव्या पानावर सगळं नीट समजावलेलं आहे. पुढच्या खेपेपासून शब्द बदलू.

"कुलूप चांगलं आहे का, काका? आहे ना? मग तेवढंच लिहा."

कागद तयारच होता. कुलपात दोष नाही. खिट्टी 'चालू'वर होती. वापरणाऱ्याकडून कुलूप लावायचं राहून गेलं. पहिली दोन वाक्यं खरी होती, आणि त्यांच्या आडोशाला तिसरं उभं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. सव्वीस वर्षं साहेबांपुढे मान हलवत आलेल्या माणसानं त्या दिवशीही मान हलवली आणि सही केली.

आठवडाभरानं त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? जिला सांगायचं तिला सांगा."

जबाबावरचा पत्ता त्यांच्या लक्षात होता. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दाराशी इवले बूट तसेच. घरात तिघं होती, ती बाई, तिचा नवरा आणि सासू. नवरा तिच्याशी बोलायचा थांबला होता हे चहा मागण्यावरूनसुद्धा कळत होतं. त्यानं तो आईकडे मागितला. काकांनी आपण कारखान्यातले, ते कुलूप आपणच आखलेलं, हे सांगितलं, तशी बाई पुढे सरकली.

"काका, मी चालू केलं होतं ना?"

"हो, ताई. तुम्ही चालूच केलं होतं."

ती सासूकडे वळली. "ऐकलंत, आई?"

"मग दार उघडलं कसं?" सासूनं विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. कडीची भाषा, चिठ्ठी, दोन शब्द. शब्द माझा, म्हणाले, चूक माझी. बाईनं वही आणली, लिहून द्या म्हणाली. त्यांनी लिहून दिलं आणि खाली सही केली.

नवरा उठला, आतून एक कागद घेऊन आला आणि वहीच्या पानाशेजारी ठेवला. कारखान्याचा अहवाल परवाच पोचला होता.

"दोन्हीवर सही तुमचीच आहे," तो म्हणाला. "खरं कुठलं धरू?"

"आत्ताचं."

"मग तेव्हा का नाही लिहिलंत?"

काकांनी अहवालावरची आपली सही बोटानं झाकली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं.

बाईनं दोन्ही कागद सावकाश वाचले. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आलेला मोकळेपणा पुन्हा आत निघून गेला.

"त्यांना कशाला विचारता?" ती नवऱ्याला म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती सरळ त्याच्याशी बोलत असावी. "वर्षभर मी तो शब्द वाचला. पण एकदाही मागं बसून कडी ओढून बघितली नाही."

काका काहीतरी बोलायला गेले. चूक तुमची नाही, असं म्हणायला ते इतक्या लांबून आले होते, पण ते म्हणायला अवघ्या घरात जागा उरली नव्हती.

काकांनी लिहून दिलेलं पान तिनं वहीतून फाडून काढलं, नीट घडी केली आणि त्यांच्याच हातात परत दिलं.