सुताराचा उजवा हात

लाकडी सामानाच्या कारखान्यातील त्या सुताराचा उजवा हात फिरत्या करवतीने मनगटापासून नेला, त्याला वर्ष होत आले होते. जखम केव्हाच भरली होती. जेवणे, दाढी करणे, इतकेच काय, लाकडावर अचूक खुणा करणेही त्याने डाव्या हाताच्या अंगवळणी पाडले होते. मुकादमाचा निरोप आला होता, "नव्या सुतारांना शिकवायला या. सोमवारपर्यंत कळवा, तोवर जागा तुमचीच." सुतार मात्र होकार देत नव्हता.

कारण चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. बरा झाल्यावर तो एकदा सहज कारखान्यात गेला असता कोणीतरी पेन्सिल पुढे केली आणि याने ती घेण्यासाठी नसलेला हात पुढे केला. पेन्सिल खाली पडली. सगळे एकदम गप्प झाले. एकाने तर मान वळवली. ती शांतता त्याच्या जिव्हारी लागली. शिकाऊ माणसांसमोर पुन्हा तसे घडले तर, या धास्तीने त्याने बाहेर पडणेच सोडले. घरच्या आरशासमोरदेखील तो उजवे अंग दाराआड ठेवूनच भांग पाडी.

"आता काय भिंतींना सुतारकाम शिकवणार का?" असे म्हणून बायकोने त्याला कृत्रिम अवयव केंद्रातील बैठकीला पिटाळले. कामावर हातपाय गमावलेली माणसे तेथे दर आठवड्याला जमत. नव्याने आलेल्याने सर्वांना चहा द्यायचा आणि मागितल्याखेरीज कोणी मदत करायची नाही, असा तेथला दंडक होता.

सुताराने डाव्या हाताने किटली उचलली. तेवढ्यात तिचा धक्का लागून कपांचा ट्रे टेबलावरून कलंडला. सावरण्यासाठी त्याने चटकन उजवा हात पुढे नेला आणि कपांचे तुकडे झाले. मान खाली घालून तो त्या ओळखीच्या शांततेची वाट पाहू लागला.

सगळी खोली हसत सुटली.

"घ्या, आलात आमच्यात," यंत्रमागावर एक हात गमावलेली, सर्वांची आक्का म्हणाली. "माझा गेलेला हात अजून डास मारायला उठतो. डास आपला निवांत बसलेला."

"तुमचं बरं आहे, आक्का," एका पायाचा क्रेनचालक म्हणाला. "मी झोपेतून उठून नसलेला पाय खाली टाकतो. जमीन काही माझं ऐकत नाही."

"पण लोक बघतात त्याचं काय?" सुताराने हळूच विचारले.

"बघतात. काय करावं ते बिचाऱ्यांना सुचत नाही, म्हणून गप्प होतात," आक्का म्हणाली. "आपण आधी हसलं की सुटतात. आता तुकडे उचला, दादा. कुणाचा तरी पाय कापेल."

"एकच उरलाय, जपून," क्रेनचालकाने पुस्ती जोडली, आणि तुकडे गोळा करता करता सुतारालाही हसू फुटले.

सोमवारी तो मुकादमासमोर उभा राहिला. "शिकवायला येतो. पण एक सांगतो, कधीतरी चुकून माझा हा हात पुढे जाईल. तेव्हा सगळ्यांनी हसायचं. गप्प बसलेलं मला चालणार नाही."

मुकादम गडबडला. "अहो, हसा म्हणून हुकूम कसा सोडू?"

"हुकूम नको. तुम्ही सुरुवात करा, बाकीचे शिकतील."

मुकादमाने तेथल्या तेथे हसून पाहिले. ते अगदीच कच्चे काम होते. परंतु पहिलाच प्रयत्न म्हणून सुताराने ते चालवून घेतले आणि शिकवणीची वेळ विचारली.