चूक जिकडं, माशी तिकडं

आबांनी मला कधीही 'लागली का?' असं विचारलं नाही. ते विचारायचे, "कुठं लागली?" मी म्हणायचो, "नेम चुकला, आबा." मग ते चष्मा कपाळावर सरकवायचे. "ते कळलं. पर गोळी कुठंतरी गेलीच आसंल की. ती काय हवेत इरघळली न्हाय."

आबा माझ्या नात्यातले नव्हेत; त्यांचा सगळा जन्म लष्करात बंदुका दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदापुरात घर बांधलं आणि बारामतीच्या एका बंदुकीच्या दुकानात ते दुरुस्तीला बसू लागले. रोज एसटीनं यायचे, एसटीनं जायचे. रजा वर्षातून एकदाच. दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, ते चार दिवसांनी परतायचे. नेमका तोच दिवस माझ्या फजितीचा असल्यामुळे ती त्यांनी एकदाही डोळ्यांनी पाहिली नाही. मलाच जाऊन सांगावी लागायची.

फजितीचं कारण म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, रायफल. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस नळीत जायचं. परवाना शेतीच्या राखणीचा, रानडुकरांसाठी. कळस या आमच्या गावी घरात अशी रीत की, दसऱ्याला पूजा झाली की परवाना ज्याच्या नावावर त्यानं विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यापुढं ठेवलेला कोहळा साठ पावलांवरून फोडायचा. दादांचा कोहळा कधी चुकला नाही. दादा गेले, परवाना माझ्या नावावर झाला आणि पहिल्याच दसऱ्याला माझी गोळी खाली डावीकडं मातीत गेली. कोहळा जागचा हलला नाही. माझे चुलते तात्या म्हणाले, "म्होरल्या साली न्हाय फुटला तर ठाण्यात जमा करून टाकू. नुसतं लोखंड घरात कशाला?"

ते लोखंड नव्हतं. दादांचा हात जिथं धरायचा तिथलं लाकूड काळं गुळगुळीत झालं होतं, आणि दादांची म्हणून हातात घ्यावी अशी घरात तेवढी एकच वस्तू उरली होती. पण हे तात्यांना सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. त्यापेक्षा माशीला दोष देणं सोपं होतं. नळीच्या टोकावरचा तो छोटा मणी, ती माशी. ती मागच्या पट्टीच्या खाचेत बसवून नेम धरायचा. मी जाहीर केलं की कंपनीची माशीच वाकडी आहे. गोळी डावीकडं जाते म्हणून हातोडी आणि लाकडाचा ठोकळा घेऊन मी ती उजवीकडं ठोकली. पुढची गोळी एवढी डावीकडं गेली की ढिगाऱ्याच्या कडेला जेमतेम लागली. मी शाळेत भूमिती शिकवतो, हे इथं सांगितलेलं बरं.

शेवटी रायफल गोधडीत गुंडाळून बारामती गाठली. आबांनी हातोडीचे वण बघितले आणि विचारलं, "कुनी केलं?"

"कंपनीतून तशीच आली असेल," मी म्हणालो.

"कंपनीत कळसची हातोडी कशी गेली?"

मग त्यांनी शांतपणे समजावलं. माशी उजवीकडं सारली की ती खाचेत आणायला नळी डावीकडं वळवावी लागते. "चूक जिकडं, माशी तिकडं सारायची, मास्तर. चुकीपासनं लांब पळालं की चूक वाढती." त्यांनी नखानं नळीवरची एक बारीक रेघ दाखवली. "ही खूण माजी हाय. दादांनी पयल्यांदा आनली तवा मारलेली. काय बी हलवायच्या आधी खूण करावी, परत यायला वाट ऱ्हाती." पितळी दांडीनं हलके ठोके देत त्यांनी माशी त्या रेघेवर आणून ठेवली.

रविवारी ते कळसला आले. कागद लावून त्यांनी तीन गोळ्या मारल्या, तिन्ही मधोमध. मी तीन मारल्या, तिन्ही खाली डावीकडं. मग माझ्याकडं पाठ करून त्यांनी कडी ओढली आणि रायफल हातात दिली. मी चाप दाबला. नुसता टक् आवाज झाला, पण कोंबडीनं दाणा टिपावा तशी नळी खाली गेली. आत काडतूसच नव्हतं.

"माशी जाग्यावर हाय," आबा म्हणाले. "तुमी न्हाय. आन् बार व्हायच्या आधीच डोळं मिटताय."

मी हळूच म्हणालो, "तात्यांना मात्र माशी बिघडली होती असंच सांगा."

"सांगतो की. पर कोहळा मला इचारनार न्हाय."

त्यानंतर दोन महिने मी रोज संध्याकाळी नळीवर काडतुसाचं रिकामं टोपण उभं करून रिकाम्या रायफलीचा चाप दाबत होतो. टोपण पडलं नाही तर हात स्थिर. स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून बायको सांगायची, "पडलं."

दसऱ्याला कोहळा फुटला. तात्यांनी मला मिठी मारली, ठाण्याचं नाव परत निघालं नाही. आबा नागपूरहून परतल्याचं कळताच मी बारामतीला धावलो.

"कुठं लागली?"

"मधोमध!"

"बार झाला तवा माशी कुठं हुती?"

दिसलीच नाही, मी कबूल केलं. डोळे मिटलेले होते. आबा खूप वेळ हसले, मग रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "मंग त्यो दादांनी फोडला. तुमचा अजून ऱ्हायलाय."

मलाही हसू आलं. दादा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून ते उरकलं.

पुढच्या दसऱ्याला मी ठरवून डोळे उघडे ठेवले. माशी दिसली, धूर दिसला आणि कोहळ्याच्या चार बोटं वर मातीचा फुफाटा उडालेला दिसला. तात्या काहीतरी पुटपुटले. मी मात्र शाळेत पहिला आल्यासारखा खूश होतो. कधी एकदा आबांना सांगतो असं झालं होतं. शाळेमुळं आठ दिवसांनी दुकानात गेलो, तर त्यांचं स्टूल रिकामं. मालक म्हणाले, इंदापूरला जाऊन या.

दार त्यांच्या मुलीनं उघडलं. ती नर्स आहे. आबा नागपूरहून परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता गेले, असं तिनं सांगितलं. अशा वेळी बोलायचं ते सगळे शब्द मला पाठ आहेत, गावात मीच ते सगळ्यांच्या वतीनं बोलतो. पण तोंडातून निघालं ते असं, "चार बोटं वर गेली. जरा उजवीकडं."

ती म्हणाली, "तुमीच कळसचे मास्तर व्हय? नागपूरला जाताना मला सांगून गेलं हुतं, माज्या माघारी मास्तर आला तर इचार म्हनून. डोळं उघडं हुतं का?"

"होते," मी म्हणालो. आणि मग मात्र तिच्यासमोरच ते घट्ट मिटून घेतले.