सुभद्रा सांगत होती

सुभद्रा गेली त्याला महिना होत आला. भेटायला येणारे 'देवाची मर्जी' म्हणून उठतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. देवाने तिला तोंड दिले होते, त्या तोंडाने ती सांगतही होती. ऐकले कोणी?

माझी ही धाकटी बहीण वडनेर भोलजीला दिलेली. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. शेतात कापूस वेचताना तिचा आवाज पार बांधापर्यंत यायचा. डावा कान मात्र लहानपणापासून वाहायचा. यंदा वेचणीतच तिला ताप भरला, कानाखाली मान सुजली आणि डोके खांद्याकडे कलले ते सरळच होईना. तिचे यजमान केशवराव आणि मी तिला मलकापूरला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी मान चाचपली. "गंडमाळ आहे. गाठ घट्ट लागते, पू नाही," असे ते केशवरावांकडे पाहून म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, मान दाबली का कानातून पू येते," सुभद्रा म्हणाली. "तुमी कानात काऊन नाही पाहत?"

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

मानेला लेप मिळाला. सूज वाढली, हुडहुडी भरू लागली. पुन्हा नेले, पुन्हा लेपच. शेवटी तीच मला म्हणाली, "दादा, मले नागपूरले ने. तिथं कोणीतरी कान पाहीन."

आगगाडीत तिची मान मी हातांवर तोलून धरली होती... नागपूरच्या मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी पहिला प्रश्न तिलाच विचारला, "कान कधीपासून वाहतो?" मग मान हलकेच दाबली. कानातून पू आला. तेवढ्या वेदनेतही सुभद्रा माझ्याकडे पाहून हसली. कानामागच्या हाडात पू साठून ते खालून फुटले होते. पू मानेच्या जाड स्नायूखाली उतरला होता, म्हणून गाठ घट्ट लागत होती. सर्जननी त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. पण विष रक्तात भिनले होते. ती पुन्हा उठली नाही.

परतल्यावर मी मलकापूरच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिलो.

"फार दुर्मीळ आजार हो," ते म्हणाले, "जन्मात एखादा दिसतो."

"तुम्हांला दिसला होता," मी म्हणालो. "बोलतही होता."

त्यांनी मान खाली घातली. मला त्याने काय मिळणार?

परवा वडनेरला गेलो. सुभद्राला उजव्या कानानेच ऐकू यायचे, म्हणून केशवराव नेहमी तिच्या उजवीकडे बसत. आताही ते ओट्यावर एका कडेला बसले होते, डावीकडची जागा मोकळी ठेवून. मी तिथे टेकायला गेलो.

"तिथं नका बसू, भाऊ..."

मी उभाच राहिलो.