ओठांना लागलेली हवा

काल लेकीच्या सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशनचा वास आला आणि शाळेतली कर्जत–खोपोली शर्यत आठवली.

पळसदरीजवळ माझं चाक बसलं. मागून माझ्या वर्गातली सुमन आली, दहिवलीच्या सायकलवाल्याची मुलगी. पहिल्या येणाऱ्या मुलीला गियरची सायकल मिळणार होती. सुमन वडिलांच्या जुन्या सायकलवर धावत होती. तरी ती थांबली.

"अगं जा, पयली येशील!"

"गप गं. एवढ्या याद्या करतेस नि सोल्युशन घरी?"

भोक शोधायला पाणी नव्हतं. तिने फुगवलेली ट्यूब ओठांजवळून फिरवली आणि हवा लागली तिथे बोट ठेवलं. तिच्याजवळच्या सोल्युशनने ठिगळ बसेपर्यंत चौघी पुढे गेल्या.

ती पाचवी आली. तेव्हा मला ती वेडी वाटली. आज वाटतं, पंक्चर सायकल ओलांडून जायला ती शिकलीच नव्हती.