प्राचार्यांची छत्री आणि मामाची मांडी

आमच्या ओवीचा पहिला पक्का लंगोट मी आमच्या प्राचार्यांच्या छत्रीचा शिवला.

छत्री त्यांनी स्वखुशीने दिली होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण स्टाफरूममध्ये त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तडकलेली परीक्षानळीसुद्धा टाकून द्यायला माझा हात धजत नाही, मग घरचं तर विचारूच नका. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजीची देठं खताच्या बादलीत, माझा जुना शर्ट आधी उशीचा अभ्रा, मग फडकं आणि शेवटी पायपुसणं. (बायको म्हणते, “तुमच्या शर्टाला मोक्ष नाही.”) अशा माणसाच्या घरात मुलगी जन्माला आली, मागोमाग डायपरचं पाकीट आलं आणि बघता बघता ते रिकामंही झालं. मला भोवळ यायची बाकी राहिली.

“सुजाता, हे एकदा वापरायचं आणि टाकून द्यायचं?”

“मग काय लोणचं घालायचं?”

“अगं, ओवीची नातवंडं म्हातारी होतील, तरी हा डायपर कचरा डेपोवर तसाच तरुण राहील!”

“राहू दे. मला सलग झोप मिळतेय.”

सुजाताचा सुती लंगोटाला विरोध नव्हता. विरोध होता तो त्याच्या गळण्याला. गादी, चादर, दुपटी आणि ओवीला कौतुकाने कडेवर घेणारे पाहुणे, सगळेच ओले व्हायचे. आमच्याकडे पाहुणे कमी झाले, हा एक फायदा मी सुजाताला बोलून दाखवला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुद्दा मागे घेतला. आता असं कापड हवं होतं, जे पाणी बाहेर सोडणार नाही, पण जे विकतही आणावं लागणार नाही.

आणि एके दिवशी कॉलेजच्या फाटकात वाऱ्याने प्राचार्यांची छत्री उलटी झाली. काड्या मोडल्या. प्राचार्य चिडून ती कचऱ्यात टाकणार, एवढ्यात मी झडप घातली.

“सर, मला द्या!”

“अहो, मोडलीय ती. काय करणार?”

“मुलीला घालणार.”

प्राचार्यांनी छत्री माझ्याकडे दिली आणि गेले.

घरी येऊन मी छत्रीची शिवण उसवली आणि थक्क झालो. छत्रीची प्रत्येक पाकळी त्रिकोणी असते. आणि लंगोट? तोही त्रिकोणी! ज्याने पहिली छत्री बनवली, त्याच्या घरात तान्हं मूल असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. बाहेरून छत्रीचं कापड, आत सुजाताच्या जुन्या सुती साडीच्या घड्या, पायांपाशी इलॅस्टिक. माझ्या आईच्या जुन्या शिलाई मशीनवर मी रविवारभर बसलो. काड्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावल्या. मूठ तेवढी राहिली. तिचा उपयोग मी अजून शोधतोय.

थेट ओवीवर प्रयोग करायला सुजाता तयार होईना. म्हणून मी एक कलिंगड आणलं, त्याला लंगोट बांधला, आत तांब्याभर पाणी ओतलं, पाळण्यात ठेवलं आणि झोका देत बसलो. ओवी सुजाताजवळ स्वयंपाकघरात होती. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कुलकर्णी काकू बाळाला बघायला आल्या. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. (मी तोवर अंगाईही गुणगुणत होतो, नाही म्हणत नाही. प्रयोग करायचा तर नीट करायचा!) काकू पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात गेल्या.

“सुजाता, यांना हल्ली झोप मिळते का गं पुरेशी?”

पण कलिंगडाखालची चादर कोरडी होती! तेव्हापासून ओवी छत्रीत वावरू लागली. कॉलेजात बातमी पसरली आणि लोक मला मोडक्या छत्र्या आणून देऊ लागले. काळे, निळे, ठिपक्यांचे, असे ओवीचे लंगोट दोरीवर वाळत पडायचे. तरीही सुजाताचा विश्वास बसेना. “घरात ठीक आहे हो. चार लोकांत खरी परीक्षा,” असं ती म्हणायची.

ती परीक्षा जावळाच्या रूपाने आली. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, हे काही मी सांगायला नको. ओवीचा मामा म्हणजे सुजाताचा थोरला भाऊ संपतदादा. सैन्यात हवालदार आणि खास जावळासाठी सुट्टी काढून आलेला. कार्यक्रम सुजाताच्या माहेरी, कवठे महांकाळजवळच्या गावात. निघायच्या आदल्या दिवशी सुजाताने मला समोर बसवलं.

“हे बघा, दादाच्या मांडीवर एक थेंब जरी पडला, तरी दुसऱ्या दिवसापासून घरात पाकिटं येतील. आणि छत्र्या भंगारात जातील. सगळ्या.”

“आणि नाही पडला तर?”

“तर मी परत डायपरचं नाव काढणार नाही.”

मी टाळी दिली. छत्र्यांचं आणि माझं भवितव्य आता दादाच्या मांडीवर अवलंबून होतं.

सातारा ते सांगली आणि तिथून पुढे, असा एसटीचा प्रवास झाला. वाटेत ओवीने आतल्या साडीच्या घड्या एकेक करून संपवल्या. मला काळजी नव्हती. सासरी पोचलो की धुऊन टाकू. पोचताच मी बादली मागितली. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांची म्हैस मागितली होती.

“आवं जावईबापू, हितं दोन दिस टँकर न्हाई. प्यायचं पानी झाकून ठेवतुया आमी, आनि तुमी लंगोट धुताय व्हय?”

आता आली का पंचाईत! पाणी वाचवा म्हणून जन्मभर लोकांना सांगणारा मी. मी कुठल्या तोंडाने बादली मागणार? पण उद्या लंगोटाच्या आत घालायचं काय? सासूबाईंनीच तोडगा काढला. त्यांनी ट्रंक उघडली. आत लग्नाकार्यात आहेरात आलेले कोरे टॉवेल चळतीने रचलेले होते.

“ह्यातला घ्या की. लय पडल्यात.”

आहेराचा टॉवेल कसा असतो, हे ज्याने कधी असल्या टॉवेलने अंग पुसलंय त्यालाच ठाऊक. तो पाणी टिपत नाही. पाण्याला नुसता अंगावर इकडून तिकडे फिरवून आणतो. पण दुसरा इलाज नव्हता. मी टॉवेल कापला, घडी घातली आणि प्राचार्यांच्या छत्रीचा तो पहिला, मानाचा लंगोट बाहेर काढला.

सकाळी मांडवात संपतदादा आला आणि मी त्याच्या पायांकडे बघतच राहिलो. पांढरी पँट! दुधासारखी पांढरी आणि इस्त्री इतकी कडक की तिच्या धारेवर कांदा चिरावा.

“दादा, रंगीत काही नव्हतं का?”

“दाजी, भाचीचं जावळ हाय. मामा उठून दिसाय नको?” मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “आमी बर्फात राहिलोय, भिजायचं भ्या न्हाई. पर हितं सगळं गाव बसलंय. फजिती नगं व्हायला.”

“काळजी करू नका. छत्रीचं कापड आहे.”

“कशाचं?”

मी विषय बदलला.

केस काढणारे बापूराव शेजारच्या गावात दुसऱ्या जावळात अडकले होते. ओवी मामाच्या मांडीवर बसून राहिली, ऊन चढलं, तिने भोकाड पसरलं. सासूबाईंचं काळीज तुटलं. “पोरगी सुकली की माझी!” म्हणत त्यांनी तिला साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. मग ताक. मग परत साखरेचं पाणी. (मला अर्धी बादली मिळाली नव्हती, नातीसाठी झाकलेली घागर उघडली!)

“आई, पुरे आता!” मी कळवळून म्हणालो.

“आवं पिऊ द्या की! लेकराच्या पान्यावर डोळा का तुमचा?”

सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. सुजाता पदराआड हसत होती. वाटीमागून वाटी रिकामी होत होती आणि इकडे मी एकेक वाटी मोजत होतो.

शेवटी बापूराव आले. कात्री चालू झाली. ओवीने मामाच्या मांडीवर असा काही आकांत मांडला की पलीकडच्या आळीतली कुत्रीही सामील झाली. आणि अचानक ती गप्प झाली. डोळे एका जागी लागले. चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं. ही शांतता प्रत्येक आईबापाच्या ओळखीची असते.

संपतदादाचा चेहरा बदलला.

“दाजी.”

“काय?”

“मांडीला काय तरी गरम लागतंय.”

“ओलं लागतंय का?”

दादाने नीट अंदाज घेतला. “न्हाई. नुसतं गरम.”

“मग बसा!”

जावळ पार पडेपर्यंत माझी नजर त्या पांढऱ्या पँटवरून हलली नाही. शेवटी दादा ओवीला माझ्या हातात देऊन उभा राहिला. सुजाता पुढे आली, मागून सासूबाई आल्या. सासूबाईंनी सगळ्या गावासमोर लेकाच्या मांडीवरून तळवा फिरवला. एकदा नाही, दोनदा.

“कोरडी हाय!” त्या ओरडल्या. “खडखडीत कोरडी!”

“काय सांगता!” म्हणत बापूरावांनीही हात लावून पाहिला. मग आजूबाजूच्या चार बायकांनी पाहिला. संपतदादा एवढा शूर गडी, पण लाजून लाल झाला. सुजाताने माझ्यापुढे हात जोडले.

“हरले बाई मी. आता डायपरचं नाव नाही काढणार.”

त्या क्षणी मला जे वाटलं, ते लग्नात वाटलं नव्हतं आणि नोकरीत कायम झालो तेव्हाही वाटलं नव्हतं. अभिमानाने ऊर भरून आला. मला जावई म्हणून फेटा बांधला होता, समोर कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मी लेकीला दोन्ही हातांनी उंच डोक्यावर उचललं आणि गरजलो, “बघा! याला म्हणतात...”

काय म्हणतात, ते सांगायचं राहूनच गेलं. टॉवेलने काहीच टिपलं नव्हतं. छत्रीने मात्र सगळं सांभाळून ठेवलं होतं. साखरेचं पाणी, ताक आणि परत साखरेचं पाणी! मी ओवीला जरा तिरकं केलं, पायापाशी इलॅस्टिक सैल झालं आणि सगळा साठा एकदम माझ्या फेट्यावर आला. फेट्यातून भुवयांवर, तिथून मिशीवर, मिशीतून नव्या सदऱ्यावर. ओवी वरून टाळ्या पिटत होती.

मग सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, “जावईबापू, छत्री डोक्यावर उलटी धरल्यावर दुसरं काय व्हनार?”

हास्याचा असा कल्लोळ उठला की बापूरावांच्या हातातली कात्री खाली पडली. पण मी मागे हटलो नाही. मिशीवरून थेंब टपकत असतानाच सुजाताकडे वळलो.

“दादाच्या मांडीवर थेंब पडला का?”

“नाही पडला,” ती डोळे पुसत म्हणाली. हसून हसून पाणी आलं होतं तिच्या डोळ्यांना.

“मग कोण जिंकलं?”

“तुम्ही जिंकलात. अगदी शंभर टक्के. आता आधी आंघोळ करा.”

मी सासूबाईंकडे पाहिलं.

“टँकर उद्या येतुया,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पुरणपोळीच्या पंगतीत मानाचं पान माझंच होतं. माझ्या दोन्ही बाजूंची पानं मात्र शेवटपर्यंत रिकामी राहिली.

सुजाताने शब्द पाळला. आमच्या घरात त्यानंतर पाकीट आलं नाही. माझं शूटिंग मात्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. आता सासरच्या गावात कुणाकडे बाळ होणार असलं की आधी दवाखान्याला आणि मग मला फोन येतो. संपतदादाच्या बायकोलाही दिवस गेलेत. त्याने सीमेवरून निरोप धाडला, “दाजी, डझनभर शिवा. रंग तेवढा लष्करी पायजे.”

परवा आम्ही पुन्हा सासरी गेलो. सासूबाईंनी पाटावर बसवलं, ओवाळलं आणि आहेर म्हणून एक लांबट पुडकं हातात ठेवलं. पूर्वी जावयाला पँटपीस मिळायचा, सोबत नारळ असायचा. सोडून बघतो तर मोडकी छत्री! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, बापूरावसुद्धा मुद्दाम बघायला आले होते. दुसरा जावई असता तर पाटावरून उठून तरातरा निघून गेला असता.

मी छत्री उघडली आणि उजेडात धरून बघितली. कापड चांगलं होतं.