माझ्या गळ्याचा सौदा

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, "सगळं काढलंय." माझ्या लेखी सौदा तिथंच मिटला. वर्षभरानं सोनोग्राफी केली, तर त्याच जागी ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी. मी बैलांचा व्यापारी. बापाच्या दावणीला शेळीसुद्धा नव्हती, तिथून धंदा उभा केला. बैल विकला आणि शेपटी ठेवून घेतली, असं मी कधी केलं नाही. या माणसानं मात्र माझ्याच गळ्यात माल मागं ठेवला होता.

चूक केली ती ही, की हे बैलबाजारात बोललो. माझ्या दलालानं बैलाचा खांदा दाबून पाहावा तसा माझा गळा दाबून पाहिला. मग आणखी दोघंतिघं जमले.

"शेठ, गिळून दाखवा बरं."

मी गिळलं.

"जरा चालून दाखवा."

रागाच्या भरात मी चाललोसुद्धा.

"चालीत खोट न्हाई," दलाल म्हणाला.

घनसावंगीकडचा एक ऊसवाला मान हलवत म्हणाला, "ऊस तोडला तरी बुडखा फुटतोच. खोडवा हाय हा."

पलीकडं उभ्या एका गिऱ्हाइकानं दलालाला हळूच विचारलं, "यांचे किती सांगून राह्यले?"

त्याला मी पळवून लावलं, पण खोडवा काही डोक्यातून हलेना. पुन्हा गळा कापावा लागला तर?

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन नवीन जालन्यातला दवाखाना गाठला आणि टेबलावर हात आपटला. "सगळं काढलं म्हणले होते ना? मंग हे उगवलं कुठून?" बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले.

डॉक्टरनं माझं ओरडून होऊ दिलं. मग म्हणाला, "काका, आवाजाची नस तिथं चिकटलेली होती. ती वाचवायला कणभर भाग सोडावा लागला. बहुतेक तोच दिसतोय. आत्ता ओरडलात ना, ते त्याच्यामुळंच जमलं."

बायको पदर तोंडाला लावून हसली.

"रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. सहा महिन्यांनी परत बघू."

"सहा न्हाई. दोन."

"इतक्या लवकर काही कळणार नाही, काका."

मी खांद्यावरची दस्ती काढली आणि त्याच्या हातावर टाकली. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरतात आणि आकड्याइतकी बोटं दाबतात.

"अहो, बैल न्हाईत ते," बायको म्हणाली.

डॉक्टरनं विचारलं, "सहा कसे सांगायचे?"

"आधी पंजा, मंग एक बोट."

त्यानं सहा सांगितले. मी तीन. त्यानं पाच. मी तीनच धरून बसलो, कारण मला महिने नको होते, त्याचा तळवा हवा होता. खोट लपवणाऱ्याचा तळवा ओला होतो, चेहरा कितीही सरळ ठेवला तरी. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही.

त्याचा हात गार होता. बोटांच्या बेचक्यातही चाचपून पाहिलं. कोरडा.

चारवर सौदा पटला. डॉक्टरनं हात बाहेर काढला, माझ्याकडं न बघता त्याला लागलेला माझा घाम कोटाला पुसला आणि मगच पेन उचललं.